ठराव, प्रश्न, आश्वासन : महाराष्ट्र विधानमंडळाची वाटचाल

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा एक ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सांभाळले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. सरकारने तो मान्य केला, खात्यांना आणि स्थानिक संस्थांना हुकूम निघाले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. पण तळ्यावर पाणी भरायला अस्पृश्यांपैकी कोणी जाऊ शकले नाही. बोल्यांनी ही गोष्ट सोडून दिली नाही. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका आणि लोकलबोर्डे आधीच्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याच्या पाण्यासाठी महाडला गेले ते बोल्यांच्या ठरावाचा आधार घेऊन. त्याआधी जेमतेम महिनाभर, फेब्रुवारीत, त्यांनी त्याच कौन्सिलात सदस्यत्वाची शपथ घेतली होती.

महाराष्ट्र विधानमंडळाचा इतिहास लिहायला घेताना मला हा प्रसंग सर्वांत आधी सांगावासा वाटला. सभागृहात एखादा ठराव होतो, मंत्री एखादे उत्तर देतो, आश्वासन नोंदले जाते. त्यानंतर त्या शब्दाचे काय होते, हे पाहिल्याशिवाय विधिमंडळ कळत नाही. इमारती, आकडे, पदाधिकाऱ्यांची यादी हे सारे पुढे येईलच. पण माझे लक्ष त्या शब्दाच्या मागे राहणार आहे.

या संस्थेची मुळे १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टमध्ये आहेत. त्या कायद्याने मुंबई इलाख्याला कायदे करण्यासाठी कौन्सिल मिळाले आणि २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये त्याची पहिली बैठक भरली. गव्हर्नर स्वतः अध्यक्षस्थानी, सदस्य सगळे नेमलेले, बहुतेक गोरे अधिकारी. हिंदी सदस्यांत नाना शंकरशेट होते. समोर आलेल्या विधेयकावर बोलायचे, एवढेच काम. प्रश्न विचारायचा अधिकार नव्हता, अंदाजपत्रकाला हात लावायचा नव्हता.

प्रश्नाचा अधिकार मिळायला तीस वर्षे लागली. १८९२ च्या सुधारणेनंतर सदस्यांना सरकारला प्रश्न विचारता येऊ लागले, अंदाजपत्रकावर चर्चा करता येऊ लागली आणि आडवळणाने का होईना, निवडून येण्याची वाट उघडली. याच काळात फिरोजशहा मेहता, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले कौन्सिलात बसले. १९०१ साली सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क द्यायचा नाही, असा तिचा गाभा होता. सावकारापासून शेतकऱ्याला वाचवतो असे सरकार म्हणत होते. मेहतांचे म्हणणे, ही शेतकऱ्याच्या मालकीवरच कुऱ्हाड आहे, विधेयकावर आधी लोकमत घ्या. सूचना फेटाळली गेली. मेहता उठले, त्यांच्या पाठोपाठ गोखले आणि आणखी काही सदस्य बाहेर पडले. कायदा व्हायचा तो झालाच. पण सरकारी बहुमतापुढे निवडून आलेला माणूस काय करू शकतो, ते त्या दिवशी लोकांनी पाहिले. आज वर्तमानपत्रात ‘सभात्याग’ हा शब्द सवयीने येतो. त्या दिवशी तो फार विचार करून घेतलेला पवित्रा होता.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी सदस्यसंख्या वाढली आणि ठराव मांडण्याची मुभा आली. बिगरसरकारी सदस्यही काही घडवू शकतो हे विठ्ठलभाई पटेलांनी दाखवले. नगरपालिका हद्दीत सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणू देणारे त्यांचे विधेयक १९१८ मध्ये कायदा झाले. गोखल्यांनी हेच दिल्ली-कलकत्त्याच्या मोठ्या कौन्सिलात मागितले होते आणि त्यांना नकार मिळाला होता. इलाख्याच्या सभागृहात ते साधले. मग १९१९ चा कायदा आला. १९२१ पासून कौन्सिलाला गव्हर्नरऐवजी स्वतःचा अध्यक्ष मिळाला आणि त्या खुर्चीवर पहिल्यांदा सर नारायण चंदावरकर बसले. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य यांसारखी खाती लोकांना जबाबदार मंत्र्यांकडे गेली. तिजोरी आणि पोलीस गव्हर्नरच्या हातातच राहिले. बोल्यांचा ठराव या कौन्सिलातला.

याच कौन्सिलात १९२८ च्या मार्चमध्ये आंबेडकरांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. वतनाच्या नावाखाली महारांना सरकारची आणि गावाची बिनमोबदला राबणूक करावी लागे. वतनी जमीन आणि बलुते यांच्या आमिषाने सारी जात बांधली गेली होती. विधेयक प्रवर समितीकडे गेले, तिथे त्याचा मूळ हेतूच बाजूला पडला, आणि त्यांनी ते मागे घेतले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी, आता निवडून आलेले सदस्य म्हणून, त्यांनी कोकणातली खोती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी, रद्द करण्याचे विधेयक आणले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातून आणि इतर भागांतून हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. तेही विधेयक पुढे सरकले नाही. मात्र मुंबई विधिमंडळाने खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये केला आणि कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये. म्हणजे वतनाच्या बाबतीत सभागृहाला तीस वर्षे लागली. मंजूर कायद्यांच्या यादीत १९२८ साल कुठे दिसणार नाही. कार्यवाहीच्या खंडांत मात्र ते भाषण आहे, आणि तीस वर्षांनंतरच्या कायद्याचे सगळे मुद्दे त्यात आहेत.

आजच्या दोन सभागृहांची रचना १९३५ च्या कायद्याने आली. १९३७ च्या जुलैमध्ये पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये मुंबई विधानसभेची पहिली बैठक भरली. पावसाळ्यात सरकार पुण्याला हलायचे, त्यामुळे विधिमंडळही तिथेच बसायचे. सभा १७५ जणांची होती. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले (तेव्हा त्या पदाला पंतप्रधानच म्हणत) आणि गणेश वासुदेव मावळणकर अध्यक्ष. विधान परिषदेच्या अध्यक्षपदी मंगलदास पक्वासा आले. मावळणकर पुढे पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले, हे सर्वांना माहीत आहे. पण अध्यक्षाने कोणत्या पक्षाचा म्हणून वागायचे नाही, प्रश्न कसा स्वीकारायचा, मंत्र्याला कुठे थांबवायचे, याचे धडे त्यांनी मुंबईच्या सभागृहात गिरवले. १९३९ च्या अखेरीस काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली आणि १९४६ पर्यंत सभागृहे जवळपास बंदच राहिली.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मुंबई राज्याची विधानसभा ३१५ जणांची झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ असे सारे एका विशाल द्विभाषिकात आले. १९५७ च्या निवडणुकीत ३९६ सदस्यांची विधानसभा निवडून आली. तिच्या विरोधी बाकांवर संयुक्त महाराष्ट्र समितीची मंडळी होती : एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, उद्धवराव पाटील. राज्याचे विभाजन मागणारे लोक त्याच राज्याच्या सभागृहात बसून रोज राज्य चालवण्याच्या कामात भाग घेत होते. रस्त्यावर आंदोलन आणि आत तारांकित प्रश्नांची यादी, ही दोन्ही कामे त्या पिढीने एकाच वेळी केली. १ मे १९६० रोजी १३२ सदस्य गुजरातच्या वाट्याला गेले, २६४ महाराष्ट्राच्या विधानसभेत राहिले. सयाजी सिलम अध्यक्ष झाले.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. महाराष्ट्राच्या या सभागृहात तीन वेगळ्या विधिमंडळांचे संस्कार एकत्र आले. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणचे सदस्य मुंबई परंपरेतले. विदर्भाचे आठ जिल्हे नागपूरच्या विधिमंडळातून आलेले. तिथे घनश्यामसिंह गुप्तांनी १९३७ पासून १९५२ पर्यंत अध्यक्षपद सांभाळले होते. मराठवाड्याच्या प्रतिनिधींनी हैदराबादच्या विधानसभेत चार वर्षे काढलेली. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मुलखाला निवडलेले सभागृह ही गोष्टच नवी होती. विकासाच्या अनुशेषाची जी चर्चा पुढे पन्नास वर्षे चालली, तिच्यामागे ही वेगवेगळी पार्श्वभूमी आहे.

विधानसभेची संख्या १९६७ मध्ये २७० आणि १९७८ मध्ये २८८ झाली. त्यांत आज अनुसूचित जातींसाठी २९ आणि अनुसूचित जमातींसाठी २५ जागा राखीव आहेत. विधान परिषद ७८ जणांची : ३० सदस्य विधानसभेच्या सदस्यांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे, पदवीधर आणि शिक्षक यांचे सात-सात, आणि १२ राज्यपालांनी नेमलेले. परिषद विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात. विधानसभेत खुर्चीवर अध्यक्ष, परिषदेत सभापती. ते नसतील तेव्हा खुर्ची सांभाळायला उपाध्यक्ष किंवा उपसभापती, आणि तेही नसतील तर तालिकेवरचे सदस्य.

परिषद हवीच कशाला, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. देशात आज सहाच राज्यांत ती आहे. अधिकार बेताचेच. साधे विधेयक ती पहिल्या वेळी तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना अडवू शकते, धन विधेयक चौदा दिवस. राज्यात संयुक्त बैठकीची सोय नाही, त्यामुळे अखेर विधानसभेचेच चालते. तरीही ती असावी असे मला ठामपणे वाटते, आणि त्याचे कारण तिथे बोलल्या गेलेल्या विषयांत आहे. ग. दि. माडगूळकर, ना. धों. महानोर यांच्यासारखी माणसे मतपेटीतून कधी आली नसती. महानोरांनी तिथे कवितेपेक्षा पाणी, फळबागा आणि कोरडवाहू शेती यांवरच अधिक बोलून घेतले. अमरावती पदवीधर मतदारसंघाचे प्रा. बी. टी. देशमुख यांनी विदर्भाच्या सिंचन अनुशेषाचे आकडे इतक्या वेळा आणि इतक्या तपशिलाने मांडले की अधिकारी त्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी फायली दोनदा तपासत. एन. डी. पाटलांनी शेतकऱ्यांचे आणि शिक्षणाचे प्रश्न तिथून लढवले. अर्थात परिषदेने अडवूनही धरले आहे. जादूटोणाविरोधी विधेयक विधानसभेने २००५ च्या डिसेंबरात मंजूर केले आणि ते परिषदेत रखडले. २० ऑगस्ट २०१३ ला या कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच डिसेंबरात नागपुरात दोन्ही सभागृहांनी कायदा केला. तो कायदा आधी झाला असता तर, हा विचार अजून छळतो.

परिषदेच्या सभापतींच्या परंपरेत वि. स. पागे यांचे नाव वेगळेच आहे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते त्या खुर्चीवर होते. सभापतीने वादात पडायचे नाही हा नियम त्यांनी पाळला आणि तरी राज्याच्या एका मोठ्या कायद्याचे जनकत्व त्यांच्याकडे जाते. ग्रामीण भागात ज्याला काम हवे त्याला काम देण्याची हमी सरकारने घ्यावी, ही कल्पना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढे मांडली. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे कामांवर आली आणि कल्पनेची कसोटी लागली. खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून गावातल्या मजुराच्या हजेरीपटाला पैसा, इतका स्पष्ट हिशेब. १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शासनाची योजना सरकार बदलले की बंद पडू शकते. कायदा झाल्यामुळे मजुराला काम मागण्याचा हक्क मिळाला. केंद्राने २००५ मध्ये केलेला कायदा याच वाटेने गेला. विधान भवनातल्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला पाग्यांचे नाव आहे.

पाग्यांनंतर रा. सू. गवई आणि मग जयंतराव टिळक सभापती झाले. जयंतराव १९८२ पासून १९९८ पर्यंत तिथे होते. त्यांचे आजोबा लोकमान्य ज्या कौन्सिलात १८९५ ते १८९७ बसले, त्याच परंपरेतल्या सभागृहाचे नियमन नातवाने सोळा वर्षे केले. विधानसभेत बाळासाहेब भारदे यांनी १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे अध्यक्षपद भूषवले. समोर कृष्णराव धुळप यांच्यासारखे विरोधी पक्षनेते आणि १९६२ मध्येच सांगोल्याहून पहिल्यांदा आलेले गणपतराव देशमुख. गणपतराव एकूण अकरा वेळा निवडून आले, एकाच पक्षाकडून, एकाच मतदारसंघातून. विरोधी पक्षनेत्याला १९७८ मध्ये कायद्याने दर्जा आणि वेतन मिळाले.

आता कामकाजाकडे येतो. राज्यपाल अधिवेशन बोलावतात. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू नये ही घटनेची अट. प्रघाताने तीन अधिवेशने होतात : अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. दिवसाचा आरंभ बहुधा प्रश्नोत्तरांच्या तासाने. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे आणि त्यावर उपप्रश्न घ्यायचे. अतारांकिताला लेखी उत्तर. छापील उत्तर अनेकदा ‘हे खरे आहे काय?’ – ‘हे अंशतः खरे आहे’ या दोन ओळींत संपते. खरा तास उपप्रश्नांत रंगतो. तिथे मंत्र्याला खात्याची फाईल किती माहीत आहे ते कळते आणि सदस्याने गावात जाऊन चौकशी केली आहे की नाही तेही.

तातडीच्या विषयासाठी लक्षवेधी सूचना. विधानसभेत ती नियम १०५ खाली दिली जाते. सदस्य लेखी सूचना सचिवालयात देतो, अध्यक्ष ती स्वीकारतात, खात्याकडे जाते, खाते रात्री जागून निवेदन तयार करते. अधिवेशनाच्या दिवसांत मंत्रालयात कोणत्याही कक्ष अधिकाऱ्याला विचारा, ‘एलएक्यू’ (विधानसभा प्रश्न) आणि ‘लक्षवेधी’ हे दोन शब्द ऐकू येतील. जिल्ह्याला फोन, तालुक्याला फोन, ग्रामसेवकाकडून माहिती, ती परत वर. एखाद्या पाड्यावरच्या बंद पडलेल्या नळयोजनेकडे सगळ्या यंत्रणेचे तोंड एक-दोन दिवसांसाठी वळते, ते या एका कागदामुळे. मोठ्या विषयांवर विधानसभेत नियम २९३ खाली आणि परिषदेत नियम २६० खाली चर्चा होते. परिषदेत कामकाज बाजूला ठेवून विषय घ्यायचा तर नियम २८९. जुने सदस्य नियमाचा आकडाच बोलतात : ‘आज दोनशे त्र्याण्णव लागलंय.’

हे सगळे टिपून घेणारी माणसे सभागृहाच्या मधोमध, टेबलाशी बसलेली असतात. त्यांना प्रतिवेदक म्हणतात. ठरावीक मिनिटांनी एक उठतो, दुसरा त्याच्या जागी येतो. उठलेला लघुलिपीतल्या नोंदी घेऊन खोलीत जातो आणि भाषण अक्षरात उतरवतो. गोंधळात दहा जण एकदम बोलत असले, कोणी वऱ्हाडीत, कोणी मालवणी वळणाने, कोणी इंग्रजी आकडे फेकत, तरी कोण काय म्हणाले ते त्याला वेगळे करावेच लागते. पाने तयार होतात, त्यांच्या माथ्यावर शिक्का असतो : ‘असुधारित प्रत / प्रसिद्धीसाठी नाही’. त्यानंतर सुधारणा होऊन कार्यवाहीचे खंड छापले जातात. अध्यक्षांनी एखादा शब्द कामकाजातून काढून टाकला तर तो तिथे नसतो. बाकी सारे असते. या लोकांची नावे कोणत्याही स्मरणिकेत येत नाहीत, पण हा इतिहास त्यांच्या हातचा आहे.

त्याच पानांवरून पुढे आश्वासन समिती काम करते. मंत्री बोलण्याच्या ओघात म्हणून जातो, ‘चौकशी करण्यात येईल’, ‘तीन महिन्यांत काम पूर्ण करू’, ‘तपासून निर्णय घेऊ’. समितीचा कर्मचारी ते वाक्य निवडून काढतो, त्याची नोंद करतो आणि खात्याला विचारतो, काय झाले? पूर्तता झाली नाही तर सचिवांना साक्षीला बोलावले जाते. प्रलंबित आश्वासनांचा ढीग मोठा असतो हे खरे, आणि बऱ्याच आश्वासनांची पूर्तता होईपर्यंत ते देणारा मंत्री बदललेला असतो हेही खरे. तरी मला ही समिती सर्वांत मोलाची वाटते. बोले यांना १९२६ मध्ये स्वतः दुसरा ठराव आणावा लागला, कारण पहिल्याचे काय झाले हे विचारणारी व्यवस्था तेव्हा नव्हती.

समित्यांचे जग सामान्य माणसाला फारसे दिसत नाही. लोकलेखा समितीच्या अध्यक्षपदी संकेताने विरोधी पक्षाचा सदस्य असतो. महालेखापरीक्षकांच्या अहवालातले परिच्छेद घेऊन ती खात्यांचा हिशेब तपासते. अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती, विनंती अर्ज समिती, हक्कभंगाची प्रकरणे पाहणारी विशेषाधिकार समिती अशा इतर अनेक. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला मात्र एकच समिती पाठ असते, पंचायत राज समिती. ‘पीआरसी येतेय’ म्हटले की आठ-दहा वर्षांपूर्वीचे लेखा आक्षेप बाहेर काढले जातात, शाळांच्या भिंतींना रंग लागतो, गटविकास अधिकारी रात्री उशिरापर्यंत कचेरीत. समितीचे आमदार अंगणवाडीत जाऊन खिचडीचे पातेले उघडून बघतात. सभागृहात जे पक्षाच्या टोपीखाली बोलावे लागते ते समितीत लागत नाही, म्हणून तिथले काम अधिक खरे होते.

अर्थसंकल्पाबाबत मला खंत आहे. अर्थमंत्री विधानसभेत आणि त्याच वेळी राज्यमंत्री परिषदेत अर्थसंकल्प सादर करतात. पुढे खातेनिहाय मागण्यांवर विधानसभेत चर्चा आणि मतदान. परिषदेला मतदानाचा अधिकार नाही. कपात सूचना देऊन सदस्याने नाममात्र कपात सुचवायची आणि त्या निमित्ताने धोरणावर बोलायचे, ही जुनी आणि उत्तम रीत. पण दिवस संपत येतात आणि उरलेल्या साऱ्या मागण्या गिलोटिनखाली एकदम मंजूर होतात. हजारो कोटी रुपये चर्चेविना जातात. पुरवणी मागण्यांचे आकडे फुगत चालले आहेत, बैठकींचे दिवस घटत आहेत. जिथे साधा सदस्य स्वतःचे विधेयक किंवा ठराव मांडू शकतो, त्या शुक्रवारच्या अशासकीय कामकाजाचीही हीच गत. विठ्ठलभाईंचा १९१८ चा कायदा त्या वाटेने आला होता, हे विसरून चालणार नाही.

नागपूरचे अधिवेशन हा दिलेला शब्द पाळण्याचाच भाग आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भातील नेत्यांना सांगितले गेले होते की सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला येईल आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तिथे होईल. १९६० च्या हिवाळ्यापासून ते सुरू झाले. त्या काळात सिव्हिल लाइन्सचे रूपच बदलते : १६० गाळ्यांत मुंबईहून आलेले कर्मचारी, आमदार निवासासमोर चहाच्या टपऱ्या, रविभवनात मंत्र्यांची वर्दळ, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा संसदीय अभ्यासवर्ग. आणि मोर्चे. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, धरणग्रस्त, कोतवाल; चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला मुंबई परवडत नाही, नागपूर परवडते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी घेऊन गोवारी समाजाचा मोर्चा आला. निवेदन स्वीकारायला वेळेत कोणी गेले नाही. चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. तिथे आज त्यांचे स्मारक आहे. विधिमंडळाच्या इतिहासात हा दिवस लिहिलाच पाहिजे, कारण सभागृह भरलेले असताना त्याच्या दारात हे घडले. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे अधिवेशन मुंबईत झाले. एरवी त्याचे दिवस कमी करण्याची जी सवय लागली आहे, तिला कराराच्या दृष्टीने कसलाही आधार नाही.

ठरावाची ताकद आणि मर्यादा १९७८ मध्ये पुन्हा दिसली. २७ जुलै रोजी दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने केला. सभागृहात एकही विरोधी स्वर नव्हता. मराठवाड्यात मात्र दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. त्यापुढे लाँग मार्च, तुरुंगवास, आत्मदहने. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत अनेक सरकारे आली-गेली. ठराव मात्र रद्द करण्याचे धाडस कोणी केले नाही आणि अमलात आणण्याचे धैर्यही बराच काळ कोणी दाखवले नाही.

वास्तूंविषयी थोडक्यात. टाउन हॉल, पुण्याचा कौन्सिल हॉल, आणि १९२८ पासून मुंबईत रीगलजवळचे जुने सेलर्स होम, जिथे आज राज्य पोलीस मुख्यालय आहे, असा प्रवास करून विधिमंडळ नरिमन पॉइंटच्या नव्या विधान भवनात आले. १९ एप्रिल १९८१ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नागपूरचे विधान भवन मध्य प्रांताच्या काळातले. १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशचे विधिमंडळ तिथेच भरे.

शेवटी एका उणिवेबद्दल. मृणाल गोरे १९७२ मध्ये सभागृहात आल्या तेव्हा पाणी, रेशन आणि तेलाचे भाव हे विषय त्यांनी मंत्र्यांच्या टेबलावर आदळले. प्रतिभाताई पाटील १९७९-८० मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. डॉ. नीलम गोऱ्हे २०१९ मध्ये परिषदेच्या उपसभापती झाल्या. पण विधानसभेच्या अध्यक्षपदी किंवा परिषदेच्या सभापतिपदी आजवर एकही महिला निवडली गेलेली नाही, आणि २०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी निवडून आलेल्या महिला पंचवीसपेक्षाही कमी आहेत. महाराष्ट्राने जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींत स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या, त्यांतून हजारो सरपंच आणि सभापती तयार झाल्या. विधानसभेची उमेदवारी मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नाही. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखल्या आहेत. आजच्या संख्येने हिशेब केला तर त्या ९६ होतात. अंमल मात्र जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर. विधान परिषद त्या दुरुस्तीत नाही.